निकाळजे सिस्टरना देश पसंत पडत नाही

मागच्या आठवड्यात निकाळजे सिस्टरनी कॅनडाला नकार कळवला. कॅनडाला याची अजून कल्पना नसावी, कारण कळवलं ते मला, आमच्या फाटकापाशी, हातात कोथिंबिरीची जुडी धरून. "कॅनडाचं जमत नाय बरं का, प्रकाश. सांगून टाक." कुणाला सांगू, ते त्या बोलल्या नाहीत. मीही मान डोलावली. त्याआधी जर्मनीला नकार गेला होता, दुबईला तर दारातूनच वाटेला लावलं होतं आणि पोर्तुगालशी पंधरा दिवस बोलणी चालून ऐन वेळी फिसकटलं होतं. एवढे नकार आमच्या गल्लीत एकट्या माणसानं कधी दिले नव्हते. मिळाले असतील, दिले नव्हते.

सिस्टर म्हणजे शहराच्या गारखेडा भागातल्या आमच्या शेजारीण. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच आहे, त्यामुळे त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्हाला ऐकू येतात आणि आमची भांडणं त्यांना. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून उभी हयात घालवून त्या निवृत्त झाल्या, पण 'सिस्टर' हे नाव काही निवृत्त झालं नाही. गल्लीतली पोरं त्यांना 'सिस्टर आजी' म्हणतात. यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेले. एकुलता एक मुलगा मिलिंद आयर्लंडमध्ये कंप्युटरच्या नोकरीत आहे. तिथंच त्याचा संसार, आणि आता घरात सात महिन्यांचं बाळ.

बाळ झाल्यापासून मिलिंदनं एकच धोशा लावला होता. आई, तिथलं घर विकून टाक आणि कायमची इकडे ये. दुसरी एखादी आई असती तर एक तर रडत गेली असती, नाही तर रडत 'नाही' म्हणाली असती. सिस्टरनी तिसराच मार्ग काढला.

"देश सोडायला माझी ना नाय," त्या मला म्हणाल्या. "पण कोणच्या देशात ऱ्हायचं ते मी ठरवणार. आयर्लंडचं स्थळ आलंय, कबूल. पण पहिल्याच स्थळाला कुणी हो म्हणतं व्हय?"

मला वाटलं, गंमत चालली आहे. चार दिवसांनी कळलं की गंमत नाही. विहारात रविवारची वंदना झाल्यावर एका बाईंनी काळजीच्या सुरात विचारलं, "सिस्टर, या वयात कुठं परदेश काढलाय?" सिस्टरनी पायात चपला सरकवत तिथंच निकाल लावला. "या वयात बाया मरायला जागा बघतात. मी जगायला बघू लागले. तुमचं काय अडलं?"

या हट्टाच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे. ती त्यांनी काही मला कानात सांगितलेली नाही. अख्ख्या गल्लीला ती पाठ आहे. "मला बघायला आले तवा मी सतरा वर्षांची. घरभर माणसं. चालून दाखव म्हणले, चालले. सुई ओवून दाखव म्हणले, ओवली. मग सगळे अंगणात गेले, बोलणी केली अन् आत येऊन म्हणले, पोरगी पसंत हाय. पोरीला पोरगा पसंत हाय का, हे त्या घरात मांजरानं बी विचारलं नाय." मग पुढे म्हणायच्या, "माणूस चांगला निघाला, खोटं कशाला बोलू. पण निघाला. मी निवडला नव्हता. आता एकदा तरी मी बघणार, अन् समोरच्यानं चालून दाखवायचं."

आणि त्यांनी खरोखरच कार्यक्रम लावले. गल्लीत, विहारात, जुन्या दवाखान्याच्या ओळखीत कुणाचं पोरगं परदेशातून सुट्टीवर आलं की सिस्टरचा निरोप जायचा. पोरगं यायचं. सिस्टर त्याला हॉलमधल्या खुर्चीत बसवायच्या, समोर सुशीलाची बशी ठेवायच्या. सुशीला म्हणजे आमच्याकडचे फोडणीचे ओले चुरमुरे, वर शेंगदाण्याचं कूट. पोह्यांचं नाव काढलं तर सिस्टर म्हणायच्या, "पोहे पुण्याच्या स्थळाला." मी बाजूच्या दिवाणावर. माझं काम काय, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. "तू मुलीकडचा. गप बसायचं अन् मधूनमधून मान हलवायची."

मी विम्याचा एजंट आहे. माणसाला उद्याची भीती घालणं हा माझा धंदा. सिस्टरसमोर तो कधी चालला नाही. एकदा मी म्हणालो, "सिस्टर, परदेशात आजारपणाचा खर्च केवढा, माहीत आहे का?" तर म्हणाल्या, "अरे, मी लोकांची आजारपणं काढून म्हातारी झाले. मला आजाराची भीती घालतोस? तुझी जीभ दाखव आधी."

जीभ हे त्यांचं शास्त्र होतं. पाहुणा खुर्चीत बसला की आधी खालची पापणी ओढून डोळ्यातला लालपणा बघायचा, मग जीभ. "देश मानवलाय का नाय, ते इथं दिसतं. तोंडानं सगळेच मस्त म्हणतात." कॅनडाच्या पोराची पापणी पांढरी निघाली तिथंच कॅनडाचं अर्धं बिनसलं. उरलेलं अर्धं दारावरून बिनसलं. "तिथं दार उघडं टाकून बसता येतं का?" पोरगा म्हणाला, वर्षातले बरेच महिने नाही, थंडी असते. सिस्टर म्हणाल्या, "मग दार केलं कशाला? खिडकीतून आत टाकायचं माणसाला."

प्रश्न ठरलेले असत. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, हा पहिला. आमच्या शहरात याचं उत्तर ज्याला माहीत असतं त्याला गल्लीत मान असतो. बाहेरून आलेली पोरं ऐटीत सांगायची, तिथं चोवीस तास पाणी. सिस्टरच्या कपाळाला आठी. "चोवीस तास? मग बाया एकमेकींला भेटतात कवा?" पोरांकडे याला उत्तर नसायचं. मला वाटतं, त्या देशांकडेही नसावं.

मग पैशाचा विषय. तो त्या टाळत नसत, उलट त्यावरच जास्त वेळ जायचा. पेन्शन माझी, हिसाब माझा, असं म्हणून त्या भाडं, भाजी, बस, दाढ काढायचा खर्च असं सगळं विचारायच्या. रुपयात सांगितलेलं त्यांना चालत नसे. "रुपये करून सांगू नको, छातीत धडधडतं. एका पेन्शनमधी माणूस किती दिवस ताठ मानेनं जगतो, तेवढं सांग." आणि हे सांगून झालं की दुसरा खर्च. "खर्च दोन असतात. एक खिशाचा, एक जिवाचा. संध्याकाळी पाचला तू कुणाशी बोलतोस?" या प्रश्नाला पोरं हमखास अडखळायची. कुणी म्हणायचं जिमला जातो, कुणी म्हणायचं घरी फोन करतो. सिस्टर मान हलवायच्या. "खिसा भरून जीव रिकामा होत असला तर तो देश महागच म्हणायचा."

जर्मनी गेलं ते रविवारमुळे. तिथून आलेली एक मुलगी म्हणाली की रविवारी घरात खडखडाट केलेला शेजाऱ्यांना चालत नाही. "म्हंजे रविवारी ठेचा कुटायचा नाय? मग माणसानं आठवडाभर काम कशासाठी करायचं?" दुबईचं आलेलं पोरगं प्रामाणिक होतं. म्हणालं, काम आहे तोवर राहायचं, काम संपलं की सामान बांधायचं. सिस्टर लगेच उठल्या. "असल्या घरात मी सासूच्या राज्यात राहून आलेय. परत नाय."

पोर्तुगालवर मात्र त्यांचा जीव जडला होता. ऊन आहे, समुद्र आहे, मासळी आहे, पेन्शनीत भागतं. पंधरा दिवस त्या पोर्तुगालचं नाव काढलं की पदर सावरायच्या. हॉलचे पडदेही बदलले. कॉलनीच्या तोंडाशी उभा राहणारा रिक्षावालासुद्धा विचारायला लागला, "क्या सिस्टर, कब जा रे फिर?" मग कुणीतरी सांगितलं की तिथं जगभरातले निवृत्त लोक येऊन राहतात. झालं. "सगळे म्हातारेच गोळा होऊ लागले म्हण की! मी म्हाताऱ्यांत काय करू?" पडदे तेवढे राहिले.

आणि मग करमाडचा कार्यक्रम झाला.

जवळच्या करमाड गावातल्या एका गुरुजींचा मुलगा नितीन न्यूझीलंडहून सुट्टीवर आल्याचं सिस्टरना विहारात कळलं. त्यांनी निरोप धाडला, "रविवारी मुलाला घेऊन घरी या, सुशीला करते. त्याला चार गोष्टी विचारायच्यात." आता मला सांगा, परदेशातल्या बिनलग्नाच्या मुलाच्या बापाला असा निरोप आला तर त्यानं काय समजावं? रविवारी अकराला दारात जीप थांबली. आधी गुरुजी उतरले, मग गुरुजींची बायको, मग मामा, मग पेढ्यांचा पुडा, मग नवा कोरा शर्ट घातलेला नितीन, आणि सगळ्यात शेवटी दोघांच्या आधारानं नव्वदीच्या आजी. सिस्टरनी तिघांपुरती सुशीला केली होती. मला मागच्या दारानं फरसाण आणायला पिटाळलं.

मी परत आलो तेव्हा खाणं चाललं होतं आणि सिस्टर नितीनच्या डोळ्याची पापणी ओढून बघत होत्या. मामांना ते जरा जास्तच वाटलं असावं, पण हल्ली मुलीकडचे चौकस असतात, असं समजून ते चुरमुरे चावत राहिले. "जरा चालून दाखव रे," सिस्टर म्हणाल्या. नितीन चालला. शेवटी गुरुजींनी घसा खाकरला. "मग... मुलीला बोलवता का बाहेर?"

"मुलगी मीच," सिस्टर म्हणाल्या.

मामांचा घास हातातच राहिला. नितीन कानापर्यंत लाल झाला. मी मुलीकडचा असल्यामुळे मान हलवली, तीही चुकीच्या वेळी.

"लग्न नाय करायचं मला," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "देश बघू लागले. तुमच्या पोराचा देश कसा हाय, तेवढं विचारायचं होतं."

गुरुजी उठले. अपमान झाल्यावर माणूस आधी चष्मा शोधतो, तसा ते शोधू लागले. तेवढ्यात आजी हसायला लागल्या. दात नसलेलं, खांदे हलवणारं हसू. "बस रं खाली," त्यांनी गुरुजींना सांगितलं. "इचारू दे तिला. मला बी ऐकायचंय. पोरगं इतकी वर्षं तिकडं ऱ्हायलं, पण तिथं कसं जगतंय ते मला धड कुणी सांगितलं नाय."

मग कार्यक्रम रीतसर झाला. नितीन तिथं गायींच्या मोठ्या गोठ्यावर दूध काढायच्या यंत्रांचं काम बघतो. पगार चांगला, हवा चांगली, पाणी चोवीस तास. सिस्टरनी विचारलं, "संध्याकाळी पाचला कुणाशी बोलतोस?"

"गायींशी," नितीन म्हणाला. सगळे हसले. तोही हसला आणि मग हळूच म्हणाला, "खरंच. त्यांना मराठी कळाया लागलंय आता." त्याच्या आईनं हातातली बशी खाली ठेवली.

निघताना आजींनी सिस्टरचा हात धरला. "एकटी ऱ्हातीस व्हय गं?"

"एकटी कशानं? एवढी गल्ली हाय की."

"गल्ली आपापल्या घरी जेवती, बाई," आजी म्हणाल्या.

सिस्टरकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं. त्या दिवशी त्या पाण्याचा तांब्या आणते म्हणून आत गेल्या आणि जीप सुटायच्या बेताला बाहेर आल्या. न्यूझीलंडचा निकाल त्यांनी राखून ठेवला.

त्याच आठवड्यात मिलिंदचा मला फोन आला. "काका, तुम्हीच समजवा आता आईला. हिची बाळंतपणाची सुट्टी संपत आलीय. इथं पाळणाघराला घरभाड्याएवढे पैसे जातात. आई आली तर सगळ्यांचंच भागेल." मला त्याचं म्हणणं पटलं. पैशाचं म्हणणं मला नेहमीच पटतं. मी सिस्टरना म्हणालो, सगळ्या देशांना बोलावलंत, आयर्लंडला एकदाही खुर्ची दिली नाहीत. हा अन्याय आहे.

सिस्टरनी विचार केला. "बरोबर हाय तुझं. होऊ दे रीतसर."

शनिवारी दिवेलागणीला कार्यक्रम ठरला. आपल्याकडे संध्याकाळ, त्याच्याकडे दुपार. सून बाळाला घेऊन बाहेर गेली होती. सिस्टरनी निळ्या काठांची पांढरी साडी नेसली, फोन साखरेच्या डब्याला टेकवून खुर्चीत उभा केला आणि त्याच्यासमोर सुशीलाची बशी ठेवली.

"आई, हे काय?" पडद्यावरचा मिलिंद म्हणाला.

"रीत म्हंजे रीत. नळाला पाणी कितव्या दिवशी?"

"रोज येतं, आई. आभाळातूनही रोजच येतं."

"कपडे कुठं वाळतात?"

"घरातच."

बस, भाजी, विहार, ऊन, सगळं झालं. मिलिंदनं उत्तरं तयारीनं दिली. मध्ये त्यानं घरापासून बस थांबा किती जवळ आहे तेही खिडकीतून दाखवलं. मला वाटलं, जमतंय. मग सिस्टरनी विचारलं, "दिवसा घरात कोण?"

"तू आणि बाळ."

"बाळ बोलतं का?"

"सात महिन्यांचं आहे गं ते."

"म्हंजे संध्याकाळी पाचला मी भिंतीशी बोलायचं."

"तसं नाही आई. आम्ही सहाला येतोच. आणि हे बघ, तू आलीस ना, की पाळणाघराचे सगळे पैसे वाचतात. मी हिशोब केलाय. वर्षाभरात..." आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं आणि तो थांबला.

सिस्टर शांत होत्या. त्या शांत झाल्या की मला इंजेक्शनची आठवण येते.

"पगार किती?"

"आई!"

"दवाखान्यात उभी हयात गेली माझी. रातपाळ्या केल्या, पण फुकटची ड्युटी कवा केली नाय. हे स्थळ नाय, मिलिंद. ही जाहिरात हाय. बाई पायजे, राहून-खाऊन. मला बघायला आले तवा बी हेच बघत होते, हात चालतात का, पाय चालतात का. तेवढंच बघायला तू बी आलास. आमच्याकडून नकार समज." आणि त्यांनी फोन बंद केला.

मी मिलिंदच्या बाजूनं आलेलो माणूस, पण मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सतराव्या वर्षी जे तोंडातून निघालं नाही ते आज निघालं होतं, तेही पोटच्या पोरासमोर. इतका भारी नकार मी जन्मात ऐकला नव्हता. सिस्टरनी कपबश्या उचलल्या, फोनसमोरची सुशीलाची बशी उचलली. आत जाता जाता दाराशी थांबल्या. बशी हातात तशीच. तिच्याकडे बघत राहिल्या.

"प्रकाश," त्या म्हणाल्या, आणि आवाज मघाचा नव्हता. "जेवला का, ते विचारायचंच राहिलं रे."

बशी टेबलावर आदळली. त्यांनी फोन लावला. पहिल्याच घंटीला मिलिंदनं घेतला, हातातच धरून बसला असावा.

"जेवलास का?"

सिस्टरनी फोन जवळ धरला, लांब धरला.

"नाय," मिलिंद म्हणाला. त्याची इतक्या वर्षांची स्वच्छ भाषा कुठं गेली कोण जाणे. "आई, ते पाळणाघराचं मी उगंच म्हणलो गं. तसं नाय काय. मला करमंना इथं. लई दिवस झाले. हिला सांगितलं तर ती घाबरंल, म्हणून बोलत नाय कुणाला. पैशाचं म्हणलं की सगळ्यांला पटतं."

मी दिवाणावर अंग चोरून बसलो. पटणाऱ्यांत मी पहिला होतो.

सिस्टर समोरच्या खुर्चीत बसल्या. पदरानं नाक पुसलं, डोळे पुसले, आणि एकदम ओरडल्या, "मग तसं म्हण की, गाढवा! करमंना म्हणायला लाज वाटती अन् हिसाब सांगायला नाय?" तिकडे मिलिंद रडत होता की हसत होता, मला दिसलं नाही. "ऐक. घर इकायचं नाय. तिकीट मी काढणार, माझ्या पेन्शनीतून. जायचं बी अन् यायचं बी. होकार समजू नको. बघायला येऊ लागले. पसंत पडलं तर पुढचं बोलू."

"ये," तो म्हणाला. "नुसती ये."

"घरात काय हाय खायला?"

"कालचा भात असंल."

"घे वाढून. फोन ठेवायचा नाय. तिथं समोर लाव मला, दिसू दे."

सिस्टरनी फोन पुन्हा साखरेच्या डब्याला टेकवला आणि खुर्ची पुढे ओढली. तिकडे भांड्यांचा आवाज आला, फ्रिजचं दार लागल्याचा आवाज आला. मी त्यांना न सांगताच उठलो आणि दारात चपला घालू लागलो. मागून सिस्टरचा आवाज येत होता.

"एवढासाच? अजून घे."